टाकीजवळ होणारे निर्णय

बेल्जियममधील हूगार्डन या गावाची ओळख काही शतके तेथील गव्हाच्या बिअरमुळे होती. ही बिअर धूसर, फिकट रंगाची आणि चवीला किंचित आंबट असे. एकेकाळी या लहानशा गावात अनेक ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर करणारे कारखाने, होत्या. सोनेरी, नितळ लागर बिअर सर्वत्र मिळू लागली तशा त्या एकामागून एक मिटत गेल्या, आणि १९५७ मध्ये टॉमसिन ही शेवटची ब्रुअरी बंद झाली तेव्हा गावाची ही बिअरही गेली. पिएर सेलिस हे त्याच गावातले दूधविक्रेते. तरुणपणी त्यांनी टॉमसिनमध्ये पडेल ते काम केले होते. तेवढ्या अनुभवाच्या बळावर १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ती बिअर पुन्हा करायला घेतली. तिच्यात बार्लीचे माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य), माल्ट न केलेला कच्चा गहू, धने आणि नारिंगाची वाळवलेली साल असे. आज जगभर ‘विटबिअर’ या नावाने जी बिअर केली जाते, ती या एका माणसाच्या हट्टामुळे पुन्हा प्रचारात आली.

कथा येथे संपत नाही, आणि मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८५ मध्ये सेलिस यांच्या ब्रुअरीला मोठी आग लागली. विम्याची रक्कम पुन्हा उभे राहण्यास पुरेशी नव्हती. भांडवल देण्यास एक मोठी कंपनी तयार झाली. तीच पुढे विलीनीकरणांतून इंटरब्रू आणि त्यानंतर इनबेव्ह झाली. काही वर्षांत ब्रुअरी पूर्णपणे कंपनीची झाली आणि सेलिस बाहेर पडले. साठी ओलांडलेल्या या माणसाने अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे जाऊन १९९२ मध्ये तीच बिअर नव्याने सुरू केली. तेथेही कालांतराने एक मोठी कंपनी मालकीत शिरली आणि अखेर ती ब्रुअरी बंद पडली. इकडे २००५ मध्ये इनबेव्हने हूगार्डनमधील उत्पादन थांबवून ते देशाच्या दुसऱ्या भागातील आपल्या मोठ्या कारखान्यात हलवण्याचे जाहीर केले. गावकरी रस्त्यावर उतरले, आणि २००७ मध्ये कंपनीने तो निर्णय मागे घेतला. सेलिस यांचे निधन २०११ मध्ये झाले.

या साऱ्यात कोणाला खलनायक ठरवण्याची मला गरज वाटत नाही. कंपनीने पैसे दिले नसते तर आगीनंतर ती ब्रुअरी कदाचित उभीच राहिली नसती, आणि हूगार्डनची बिअर आज ज्या देशांत मिळते त्या देशांत ती सेलिस एकट्याच्या बळावर नेऊ शकले नसते. तरीही या बिअरचे काय करायचे हा प्रश्न गावाबाहेरच्या एका खोलीत विचारला जाऊ लागला, तेव्हा एक गोष्ट हातातून गेलीच होती. बिअर कुठे करायची, किती दिवस मुरू द्यायची, कोणते धान्य घ्यायचे, दर्जात कोठे तडजोड करायची नाही, हे ठरवणारे लोक बिअर जिथे आंबते त्या टाकीपासून दूर गेले होते. लहान, स्वतंत्र ब्रुअऱ्यांविषयी मला जी आस्था आहे तिचे मूळ या अंतरात आहे. त्यांची बिअर प्रत्येक वेळी अधिक चांगली असते असा माझा दावा नाही. काही वेळा ती नसतेही. परंतु तिच्याविषयीचे निर्णय टाकीजवळ उभे राहणारी माणसे घेतात, आणि त्या निर्णयांची किंमतही तीच मोजतात.

स्वतंत्र ब्रुअरी कोणती, हे ठरवण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या देशांत झाले आहेत. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन ही संघटना दोन मोजमापे लावते. वार्षिक उत्पादन ६० लाख बॅरलपेक्षा जास्त नसावे, आणि स्वतः क्राफ्ट ब्रुअर, म्हणजे लहान, स्वतंत्र बिअर उत्पादक, नसलेल्या कोणत्याही मद्य उद्योगाकडे २५ टक्के किंवा त्याहून अधिक मालकी नसावी. अमेरिकी बॅरल सुमारे ११७ लिटरचा असल्यामुळे पहिली मर्यादा खरे तर प्रचंड आहे, आणि तिच्यावर बरीच टीकाही झाली आहे. इटलीने २०१६ मध्ये कायद्यातच व्याख्या केली. त्या व्याख्येनुसार ब्रुअरी स्वतंत्र असावी, वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपेक्षा (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर) जास्त बिअर करणारी नसावी, आणि तिची बिअर पाश्चरीकरण किंवा सूक्ष्मगाळणी न केलेली असावी. मला इटलीची व्याख्या अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती बिअर कशी केली जाते हेही विचारते. पण दोन्ही व्याख्यांमधील खरा कणा मालकीच्या अटीत आहे. कॅलिफोर्नियातील चिको येथील सिएरा नेवाडा ही ब्रुअरी आज आकाराने बरीच मोठी आहे, तरी ती संस्थापकाच्या कुटुंबाच्या हातात आहे. तिची पेल एल ही बिअर कशी असावी हे ठरवण्यासाठी तिला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून तिला स्वतंत्र म्हणताना मला संकोच वाटत नाही.

टाकीजवळचा निर्णय म्हणजे नेमके काय, ते मी एका लहान ब्रुअरीत फार जवळून पाहिले आहे. तेथील ब्रुअर एक स्त्री आहेत. एका लागरची आंबण्याची क्रिया संपत आली होती. साखर मोजणारे उपकरण आकडे स्थिर झाल्याचे दाखवत होते, आणि वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्या दिवशी टाकी थंड करून रिकामी करण्याच्या वाटेला लावायची होती. त्यांनी टाकीच्या बाजूच्या बारीक नळातून दोन ग्लासांत नमुना काढला. एका ग्लासचे तोंड झाकून तो गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि दुसरा तसाच बाजूला ठेवला. काही वेळाने गरम केलेला नमुना निववून त्यांनी दोन्ही ग्लास आळीपाळीने नाकाशी धरले आणि मग माझ्याकडे दिले. साध्या नमुन्याला माल्टचा, किंचित गंधकाचा वास होता. गरम केलेल्याला स्पष्टपणे लोण्याचा वास येत होता.

तो वास डायअ‍ॅसिटिल या द्रव्याचा. यीस्ट आंबवण्याचे काम करताना बिअरमध्ये एक पूर्वद्रव्य सोडते. त्या पूर्वद्रव्याला स्वतःचा असा वास जाणवत नाही, पण काळाच्या ओघात त्याचे डायअ‍ॅसिटिल होते. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते, म्हणून गरम केलेला ग्लास पुढे बिअरला कोणता वास येऊ शकेल ते आधीच सांगतो. यावर उपाय सोपा आहे. यीस्टला त्याच टाकीत, जरा उबदार तापमानाला, आणखी काही दिवस राहू द्यायचे, म्हणजे ते हे द्रव्य स्वतःच पुन्हा शोषून घेते. उपाय सोपा असला तरी स्वस्त नाही. लहान ब्रुअरीत टाक्या मोजक्या असतात, आणि एक टाकी अडली म्हणजे पुढची बिअर अडते. माल्टचे पैसे गेलेले असतात, बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप्स या फुलांचे गेलेले असतात, वीज, पगार आणि भाडे चालूच असते, आणि ग्लासात बिअर पडेपर्यंत एक पैसाही परत येत नाही. त्या बाईंनी भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेली पुढच्या बिअरची तारीख बोटाने पुसली, नवी लिहिली, आणि माल्टची पोती हलवायला गेल्या. त्यांनी कोणालाही विचारले नाही, कारण विचारण्यासारखे कोणी नव्हतेच. नुकसान त्यांचे होते आणि नावही त्यांचेच होते.

हीच तपासणी मोठ्या कारखान्यातही होते, आणि तेथे ती अधिक अचूक उपकरणांनी होते. फिकट लागर हजारो किलोमीटर दूरच्या दोन कारखान्यांत एकाच चवीची करणे हे विलक्षण अवघड काम आहे, आणि ते करणाऱ्या तंत्रज्ञांविषयी माझ्या मनात आदर आहे. यीस्टविषयीचे मूलभूत ज्ञानही मोठ्या ब्रुअऱ्यांच्या प्रयोगशाळांतून आले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत सिद्ध केली आणि कार्ल्सबर्गने ते यीस्ट इतरांनाही मुक्तपणे दिले. फरक कौशल्याचा नाही. मोठ्या व्यवस्थेत काय करायचे नाही याची यादी बाजारपेठ ठरवते, आणि ज्या बिअरला फार थोडे लोक मागतील ती बिअर सर्वांत आधी त्या यादीत जाते. हूगार्डनची बिअर अशीच गेली होती. ब्रसेल्समध्ये कांतियों ही १९०० साली स्थापन झालेली कौटुंबिक ब्रुअरी आजही फक्त थंडीच्या महिन्यांत बिअर करते. धान्याचे उकळलेले गोड पाणी उथळ, रुंद तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडे ठेवले जाते, हवेतील रानटी यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात, आणि मग ती बिअर लाकडी पिंपांत कधी एक, कधी तीन वर्षे पडून राहते. कोणत्याही हिशेबनीसाला हे परवडणारे वाटणार नाही. ते चालू राहिले, कारण ठरवणाऱ्यांना ते चालू ठेवायचे होते.

अर्थात केवळ हट्टाने ब्रुअरी चालत नाही. कायद्याने तिला जागा द्यावी लागते. याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे आहे. तेथे बिअरचा परवाना हवा असेल तर वर्षाला किमान २० लाख लिटर उत्पादन करण्याची अट होती. ही एकच अट लहान ब्रुअरी अशक्य करण्यास पुरेशी होती. १९९४ मध्ये ती मर्यादा ६० हजार लिटरवर आणली गेली आणि अल्पावधीत देशभर स्थानिक ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. त्यापूर्वीही बिअर करू इच्छिणारी माणसे तेथे असणारच. त्यांना दार नव्हते. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरी बिअर करण्याला संघराज्याच्या कायद्याची मान्यता मिळाली नाही. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या दुरुस्तीवर सही केली, आणि पुढच्या पिढीतील कितीतरी ब्रुअर स्वयंपाकघरातल्या पातेल्यातून तयार झाले. ब्रिटनने २००२ मध्ये लहान ब्रुअऱ्यांना उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर करणाऱ्यांचे शुल्क निम्मे झाले. लहान उत्पादकाला प्रत्येक लिटरमागे येणारा खर्च मोठ्यापेक्षा नेहमीच जास्त असतो, त्यामुळे दोघांना सारखाच कर लावणे ही समानता नव्हे. ज्यांना या ब्रुअऱ्यांविषयी आस्था आहे त्यांनी चवीइतकाच रस कराच्या दरांतही घ्यावा, असे मला मनापासून वाटते. ब्रिटनमधील कॅमरा ही संघटना १९७१ मध्ये चार मित्रांनी सुरू केली. पिंपातच मुरणाऱ्या एल या पारंपरिक बिअरसाठी तिने लढा उभारला आणि कायदे करणाऱ्यांपर्यंत आवाज नेला. तो सारा उद्योग बिअर पिणाऱ्यांचा होता, विकणाऱ्यांचा नव्हे.

या क्षेत्रातील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे स्पर्धकांमधील वागणूक. कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर आणि कोलोरॅडोतील एव्हरी या दोन ब्रुअऱ्यांच्या एकेका बिअरचे नाव एकच निघाले, ‘साल्व्हेशन’. कोर्टात जाण्याऐवजी दोघांनी आपापल्या बिअर एकत्र मिसळून एक नवी बिअर काढली आणि तिचे नावच खटल्याऐवजी सहकार्य असे ठेवले. २००८ मध्ये हॉप्सचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा बोस्टन बिअर कंपनीने आपल्या साठ्यातील २० हजार पौंड हॉप्स लहान ब्रुअऱ्यांना मूळ खरेदीच्या भावात देऊ केल्या. २०१८ मध्ये चिकोजवळच्या भागात वणव्याने पॅराडाईज हे गाव जवळजवळ पूर्ण जळून गेले. सिएरा नेवाडाने एका बिअरची कृती खुली केली, हजाराहून अधिक ब्रुअऱ्यांनी ती बिअर केली आणि विक्रीची रक्कम मदतीसाठी दिली. ही माणसे एकमेकांना यीस्टची बादली देतात, कमी पडलेले माल्टचे पोते देतात, बिघडलेला पंप दुरुस्त करायला माणूस पाठवतात. बाजारात एकाच ग्राहकासाठी झटणाऱ्या लोकांमध्ये असे वागणे सहजासहजी आढळत नाही.

आणि तरीही ब्रुअऱ्या बंद होतात. जॅक मॅकॉलिफ यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू अल्बियन ही ब्रुअरी जुन्या दुग्धशाळांची भांडी वापरून, जवळजवळ सारे स्वतःच्या हातांनी जोडून उभी केली. तिची बिअर लोकांना आवडत होती. पण एवढ्या लहान उत्पादनात खर्च निघत नव्हता, वाढण्यासाठी कर्ज मिळत नव्हते, आणि १९८२ मध्ये ती बंद झाली. तिला पाहून सुरू झालेल्या ब्रुअऱ्या मात्र टिकल्या. सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर ही जुनी ब्रुअरी १९६५ मध्ये डबघाईला आली असताना फ्रिट्झ मेटॅग यांनी तिची मालकी घेतली आणि अनेक वर्षे खपून ती सावरली. पुढे तिची मालकी बदलत गेली, २०१७ मध्ये ती एका जपानी कंपनीकडे गेली आणि २०२३ मध्ये तिचे काम थांबले. २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांपेक्षा बंद झालेल्या अधिक होत्या. बऱ्याच वर्षांत असे घडले नव्हते.

त्यामुळे कौतुकाविषयी आता थोडे स्पष्ट बोलायला हवे. लहान ब्रुअऱ्यांवर प्रेम करणारे आपण लोक नावीन्यावर फार प्रेम करतो. दर आठवड्याला नवे नाव, नवे चित्र, नवी हॉप हवी असते. एकदा चाखलेली बिअर यादीतून खोडली जाते. याचा भार ब्रुअरवर पडतो. नवी बिअर म्हणजे नवी कृती, नवे लेबल, वेगळी हॉप्स खरेदी, आणि चूक सुधारण्याची संधी न देणारा एकमेव घाणा. उलट एखादी ब्रुअरी तीच पिल्सनर किंवा तीच पेल एल वर्षानुवर्षे करते, तेव्हा प्रत्येक घाण्यात ती काहीतरी शिकते. पाण्यातील क्षार थोडे बदलले तर काय होते, या हंगामातील माल्ट किती वेगळे आहे, उकळीच्या शेवटी टाकलेल्या हॉप्सचा सुगंध किती टिकतो, हे पुनरावृत्तीतूनच कळते. माझ्या मते ब्रुअरची खरी ओळख तिच्या नेहमीच्या, साध्या बिअरमध्ये दिसते, कारण तेथे दोष लपवायला फळे, मसाले किंवा जास्तीचे मद्यार्क नसते. मी कोणत्याही नव्या ब्रुअरीत गेलो की आधी तीच मागतो.

ती कोठे घ्यावी यालाही महत्त्व आहे. ब्रुअरीच्या स्वतःच्या नळावर विकल्या गेलेल्या ग्लासातून ब्रुअरला जे मिळते, ते वितरक आणि दुकान यांच्या साखळीतून गेलेल्या बाटलीतून कधीच मिळत नाही. बिअरच्या दृष्टीनेही ते चांगले असते. हॉप्सचा सुगंध नाजूक असतो. प्राणवायू आणि उष्णता त्याला काही आठवड्यांत मारून टाकतात, आणि पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतील बिअरवर प्रकाश पडला तर हॉप्समधील कडू द्रव्ये तुटून तिला उग्र वास येतो. म्हणून लेबलवर भरल्याची तारीख पाहावी, नसेल तर विचारावी, आणि दुकानदाराला ती उन्हात न ठेवता थंड जागी ठेवण्याची विनंती करावी. बिअर सदोष वाटली तर ते सार्वजनिकपणे मांडण्याआधी ब्रुअरला सांगावे. बहुतेक ब्रुअर त्यासाठी आभारच मानतात, कारण दुकानाच्या फडताळावर आपल्या बिअरचे काय होते ते त्यांना इतर कोणाकडून कळत नाही. बिअरहॉलमध्ये एखादी बिअर कोणाच्या मालकीची आहे हे विचारायलाही हरकत नसावी. हा प्रश्न पुरेसे लोक विचारू लागले की विकणारा त्याचे उत्तर तयार ठेवतो.

यासाठी जास्त प्यावे लागत नाही. मला तर उलटच घडताना दिसते. ज्याला चवीची सवय लागते तो एका ग्लासवर बराच वेळ थांबतो. महत्त्व प्रमाणापेक्षा नियमितपणाला आहे. एखाद्या ब्रुअरीची नेहमीची एल ठरावीक लोक ठरावीक वेगाने घेत राहिले, तर ती टाकी किती आठवड्यांत रिकामी होईल याचा अंदाज ब्रुअरला बांधता येतो. त्या अंदाजावर ती पुढच्या माल्टची मागणी नोंदवते, हॉप्सचा वर्षभराचा करार करते, हाताखालच्या माणसाला कायम करते. आणि शेजारच्या दुसऱ्या टाकीत थंड तापमानाला संथपणे मुरणारी लागर सहा आठवडे, गरज पडली तर आठ आठवडे, कोणालाही न विचारता तशीच राहू देते.